उसन्या गाई

माझी नोकरी काय आहे हे लोकांना समजावून सांगणं मी सोडून दिलंय. आयर्लंडमधल्या एनिस गावाबाहेर, गाईंच्या कुरणाला लागून, आमचं एक छोटंसं कॉलेज आहे आणि तिथे परदेशातून विद्यार्थी आणायचे हे माझं काम. आमच्या इंटरनॅशनल ऑफिसात मी, माझा डायरेक्टर आणि एक चहाची किटली असतो. त्यात किटली सगळ्यात सीनियर. सासूबाईंनी एकदा फोनवर विचारलं होतं, "म्हणजे मुलांना शोधून कॉलेजात खपवायचं?" मी म्हटलं, "नाही आई, कॉलेज मुलांना खपवायचं." त्यांनी क्षणभर विचार केला आणि शेजारणीला सांगून टाकलं की सून तिकडे प्रोफेसर आहे. ते सगळ्यांनाच सोयीचं पडलं.

लहान देशातलं लहान कॉलेज खपवणं सोपं नाही. पुण्यात मोठ्या हॉटेलात परदेशी शिक्षणाचे मेळे भरतात. तिथे कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या स्टॉलवर भिंतीएवढे पडदे असतात, आणि आमचं टेबल बहुतेकदा पाण्याच्या कूलरशेजारी. पाणी प्यायला आलेले पालक सौजन्य म्हणून आमच्याकडे बघतात. "आयर्लंड म्हणजे बर्फाचा तो देश ना?" "नाही, तो आइसलँड." "अच्छा, म्हणजे हे इंग्लंडमध्येच येतं." हे वाक्य ज्या दिवशी माझ्या डायरेक्टरच्या समोर आलं, त्या दिवशी त्यानं मला विचारलं, गृहस्थ काय म्हणाले? मी म्हटलं, हवामान विचारत होते. आयरिश माणसाला हवामानावर कितीही वेळ बोलता येतं. तो बोलत बसला, आणि दोन देशांचे संबंध शाबूत राहिले.

अशा मेळ्यांतून नव्हे, तर आपणहून फोन करून आली ती अकोल्याची मुलगी. डेअरी टेक्नॉलॉजीत पदवी झालेली. तिला चीज शिकायचं होतं. आमच्याकडे बाकी काही असो-नसो, चीजचा कोर्स खरोखर चांगला आहे. माझ्या सगळ्या भाषणात हे एकच वाक्य मी न चाचरता बोलते. मुलगी हुशार, परीक्षेत मार्क उत्तम, ऑफर लेटर गेलं. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी.

वडील जनावरांचे सरकारी डॉक्टर, आता निवृत्त. त्यांचं म्हणणं मुलीनं मला जसंच्या तसं ऐकवलं होतं, "जन्मभर लोकांचं दूध नासू नये म्हनून राबलो, अन् पोरगी ते नासवाले आयर्लंडले चालली." पण खरी अडचण दूध नासण्याची नव्हती. डब्लिनला जा म्हणत होते, कारण थोरली मुलगी तिथे ल्यूकनला राहते. एनिस कुठे, तिथे आपलं कोण, एकटी पोर आजारी पडली तर पाणी कोण देणार, हा त्यांचा प्रश्न होता. डब्लिनला चीज शिकवत नाहीत, हे त्यांच्या दृष्टीनं गौण होतं.

"ताई," मुलगी म्हणाली, "सोमवारपर्यंत सीट कन्फर्म केली नाही तर जाईल ना?"

"जाईल. पुढचा विद्यार्थी वाट बघतोय."

"बाबांनी बँकेच्या परीक्षेचा क्लास बघून ठेवलाय. मग मी आयुष्यभर बँकेत बसून दुसऱ्यांनी केलेलं पनीर खाणार." एवढं बोलून ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. मला ते फार लागलं. माझ्याही वेळी असंच कुणीतरी मान हलवायची राहिली होती, आणि ती हलेपर्यंतचे दिवस मी विसरलेले नाही.

काका, म्हणजे तिचे वडील, तेव्हा नातवाला बघायला ल्यूकनलाच आलेले होते. मी फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "तिथं आपली मान्सं किती हायेत?"

आमच्या कॉलेजात तेव्हा भारतीय विद्यार्थी तीन, तिघेही केरळचे. मराठी म्हणाल तर मी. पण तोंडून निघून गेलं, "या ना काका, डोळ्यांनीच बघा!" आता हे आपण कितीतरी जणांना म्हणतो. 'या ना एकदा घरी' म्हटलं म्हणून कुणी पिशवी घेऊन निघत नाही. पण मी पुण्याची आणि काका वऱ्हाडातले. त्यांच्याकडे या म्हणजे या.

"शुक्रवारच्या बसनं येतो," ते म्हणाले.

शुक्रवार म्हणजे रीडिंग वीकमधला. त्या आठवड्यात मुलांनी वाचन करावं म्हणून कॉलेज सुट्टी देतं आणि मुलं गावी जातात. केरळची तिघं डब्लिनला पळालेली. कॉलेजच्या आवारात उरणार होत्या त्या कुंपणापलीकडच्या गाई.

मी डायरेक्टरला सांगितलं. तो इथलाच, क्लेअर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं कप खाली ठेवला आणि त्याचे डोळे लकाकले. "म्हणजे तो जमीन चालायला येतोय!"

मग त्यानं समजावलं. पूर्वी इकडे लग्न ठरायच्या आधी मुलीचा बाप मुलाच्या घरी यायचा आणि त्याची सगळी जमीन पायी फिरून बघायचा. कुंपण नीट आहे का, पाणी कुठे साचतं, गाई किती. मी म्हटलं, आमच्याकडेही असंच होतं, आणि आमच्या भाषेत तर जागेला आणि लग्नाच्या मुलाला शब्द एकच, स्थळ. हे ऐकून तो इतका खूश झाला की दिवसभर 'स्टल, स्टल' करत फिरला. त्याच्या आजोबांकडे म्हणे गाई मोजून चार होत्या. आजीचे वडील जमीन चालायला आले त्या सकाळी शेजाऱ्यांनी आपापल्या गाई आजोबांच्या कुरणात आणून सोडल्या. कुरण भरलेलं दिसलं, लग्न जमलं, आणि संध्याकाळी गाई आपापल्या घरी गेल्या. आजीला लग्नानंतर कळलं. तिनं आजोबांना त्यावरून मरेपर्यंत ऐकवलं.

"मग आपणही आणू या का गाई?" मी विचारलं.

"आय विल, या," तो म्हणाला.

आता हे नीट सांगायला हवं. आयर्लंडमध्ये 'आय विल, या', शब्दशः 'हो, करेन', म्हणजे साफ नकार. तोंडावर नाही म्हणणं या लोकांना आपल्याइतकंच अवघड जातं. आपण 'बघू' म्हणतो, ते 'आय विल, या' म्हणतात. मला इथे येऊन बरीच वर्षं झालीत, मला हे पक्कं ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी ते वाक्य शाळेत शिकलेल्या इंग्रजीनं ऐकायचं ठरवलं. आणेन म्हणालाय ना? झालं तर मग.

घरी जाऊन पहिली गाय धरली ती नवऱ्याची. तो एनिसच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे.

"शुक्रवारी तुझी सुट्टी आहे. तू विद्यार्थी व्हायचंस."

"अगं, मी बेचाळीस वर्षांचा आहे. टक्कल बघ."

"इथे त्याला मॅच्युअर स्टुडंट म्हणतात."

"मॅच्युअर?" या घरात त्याला हा शब्द प्रथमच मिळत होता. तो लगेच तयार झाला.

मग बाकीचा कळप. कासलबारच्या हॉस्पिटलातला त्याचा मित्र, भूलतज्ज्ञ, बायकोसह आमच्याकडे वीकेंडला येणारच होता. त्याला सकाळीच निघायला लावलं. शॅननच्या कंपनीतलं एक इंजिनियर जोडपं. आणि नवऱ्याच्या वॉर्डातली नाशिकची एक तरुण डॉक्टर, तिची रात्रपाळी शुक्रवारी सकाळी संपणार होती. सगळ्यांना सूचना एकच, जीन्स घाला, पाठीला बॅग लावा, इकडून तिकडे फिरा आणि मोठ्यानं मराठी बोला. कुणी विचारलं तर डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकतो म्हणा, कारण ते काय असतं हे कुणी पुढे विचारत नाही. मोबदला म्हणून माझ्या हातची मिसळ.

शुक्रवारी काका बसमधून उतरले. कानटोपी, स्वेटर, त्यावर कोट, हातात कापडी पिशवी. बारीक पाऊस लागलेला. डायरेक्टरनं हात मिळवला आणि पावसाकडे बघत म्हणाला, "ग्रँड डे."

काकांनी मला हळूच विचारलं, "याईले हे ग्रँड वाट्टे?"

"इथे ग्रँड म्हणजे चालेल, काका."

जमीन चालणं सुरू झालं. काकांनी सगळं पाहिलं. प्रयोगशाळेतली नळाची धार, जिन्यातले दिवे, खिडकीची कडी. चीजच्या खोलीत ते बराच वेळ उभे राहिले, नाकानं खोल श्वास घेत. होस्टेलच्या स्वयंपाकघरात डायरेक्टर म्हणाला की मुलीला मसाले ठेवायला अख्खी प्रेस मिळेल. इथे प्रेस म्हणजे कपाट. काका माझ्याकडे वळले, "मसाले इस्त्रीत कायले ठेवाचे?" मी खुलासा केला. "हां," म्हणाले. पण त्यांची नजर काही कपाटावर नव्हती. ते बाहेर रिकाम्या आवाराकडे बघत होते.

आणि तेवढ्यात माझा कळप निघाला.

पहिल्यांदा नवरा आणि इंजिनियर जोडपं समोरून गेले. "असाइनमेंट झाली का रे?" "अरे कसली होते, लेक्चर किती!" अशा आवाजात, की पार लिमरिक शहरापर्यंत जावं. काकांना बघून तिघांनी नमस्कार केला. काकांचा चेहरा जरा सैल झाला. मग लायब्ररीत कासलबारचा भूलतज्ज्ञ पुस्तक उघडून बसलेला, बायको शेजारी. काकांनी प्रेमानं विचारलं, "काय शिकता बाप्पा?"

"अ‍ॅनॅस्थे..." तो म्हणाला, बायकोनं पायावर पाय दिला आणि त्यानं वाक्य तसंच फिरवलं, "...अ‍ॅनालिटिक्स!"

त्याच्यामागे कोपऱ्यात नाशिकची डॉक्टर टेबलावर डोकं ठेवून गाढ झोपली होती. रात्रभर जागून आलेली बिचारी. "हे पोरगी लय अभ्यास करत दिसते," काका म्हणाले. मला वाटलं, हीच आपली सगळ्यात चांगली गाय.

नंतर कँटीनपाशी नवरा पुन्हा आला, या वेळी डोक्यावर टोपी घालून. आणि पार्किंगपाशी तिसऱ्यांदा आला, टोपी उलटी करून. तिथे मात्र त्याचा घात झाला. त्याची नजर काकांच्या पायांकडे गेली आणि विद्यार्थी असल्याचं तो पार विसरला. "काका, पायावर ही सूज कधीपासून आहे? बीपीची कोणती गोळी घेता? बसा जरा." आणि वाकून त्यानं नडगीवर अंगठा दाबून बघितलासुद्धा.

काकांनी शांतपणे गोळीचं नाव सांगितलं. डायरेक्टरला तोवर सगळं समजलं होतं. त्याचा चेहरा बिटासारखा लाल झाला आणि तो आमच्याकडे पाठ करून पाऊस बघायला उभा राहिला. पाठ हलत होती.

"ताई," काका म्हणाले, "त्या गाई दाखवता काय?"

आम्ही दोघं कुंपणापाशी गेलो. गाई जवळ आल्या, प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला. काकांनी एकीच्या कपाळाला हात लावला.

"नोकरीत असताना आमच्याकडं योजना होती," ते गाईशीच बोलल्यासारखं म्हणाले. "गरिबाले म्हैस द्याची. मंग मी तपासाले जायचो, म्हैस खरंच घेतली का नाई. तं एकच म्हैस मले तीन गावांत भेटली. तिसऱ्या गावात तं तिनंच मले वळखलं." ते गालात हसले. "तवापासून आमी कानातला बिल्ला पाहाले लागलो. तुमचे मिस्टर मले तीनदा भेटले, ताई. टोपी बदलली, पन बिल्ला काढाचा राह्यला."

मी वळून पाहिलं. पार्किंगमध्ये माझा नवरा उभा होता, आणि त्याच्या कमरेला, सुट्टी असूनही सवयीनं लावलेलं, हॉस्पिटलचं ओळखपत्र लटकत होतं, फोटोसकट.

माझे कान तापले. हसू आलंच नाही. एकच डोक्यात आलं, त्या पोरीचं गेलं. आपल्या गमतीपायी गेलं. ज्याला आधीच या जागेचा भरवसा नव्हता, त्याला मी फसवायला निघाले होते. आता बँकेचा क्लास.

"काका, खरं सांगते. इथे शिकणारं मराठी कुणीही नाही. एकही नाही."

"मंग हे कोन?"

"तो नवरा. ते शॅननचे ओळखीचे. लायब्ररीतला कासलबारचा डॉक्टर."

"ते कुठं आलं, कासलबार?"

"लांब आहे. गाडीनं दोन तास तरी."

"अन् ते झोपलेली पोरगी?"

"तीही डॉक्टरच. रात्रपाळी करून थेट इकडे आली."

"कायले आले मंग सारे? पगार देते काय कॉलेज?"

"नाही हो. मी बोलावलं म्हणून आले. मिसळ करणार होते."

काका गाईचं कपाळ खाजवत राहिले. मग एकदम वळले आणि जनावरांच्या बाजारात मारावी तशी खणखणीत हाक मारली, "ओ डॉक्टर!"

माझा नवरा वळला. कँटीनच्या दारातून भूलतज्ज्ञ वळला, त्याची बायको वळली, ती दातांची डॉक्टर आहे हे मी सांगायचं विसरले. आणि लायब्ररीच्या खिडकीत नाशिकची पोरगी खडबडून उभी राहिली, डोळे मिटलेलेच, एक हात खिशात स्टेथोस्कोप शोधत. शॅननचे दोघं मात्र जागेवरच उभे. "ते दोघं खरे इंजिनियर दिसतात," काका म्हणाले, आणि मग ते हसले. इतके हसले की कानटोपी मागे सरकली आणि गाय दोन पावलं हटली.

मिसळ आमच्या घरी झाली. काका मधोमध बसले. तिखट कमी आहे, असं त्यांनी सांगितलं, पण तीनदा पाव मागून घेतला. नवऱ्यानं त्यांचं बीपी मोजलं आणि गोळीबद्दल चिठ्ठी लिहून दिली. डायरेक्टरही आला होता, एका घासात घामाघूम होऊन त्यानं मिसळीलाही ग्रँड म्हटलं. पण मुलीचा विषय काकांनी काढला नाही. संध्याकाळी बसस्टॉपवर शेवटी मीच धीर करून विचारलं, "काका, मग काय ठरवलंत?"

"पाहू," ते म्हणाले आणि बसमध्ये चढले.

पाहू! म्हणजे बघूच की. नाही म्हणायचा आपला तो जुना, सभ्य मार्ग. शनिवार-रविवार मी घरात कुणाशी धड बोलले नाही. नवऱ्यानं तर ओळखपत्र पलंगाखाली लपवून ठेवलं होतं. सोमवारी ऑफिसात किटली तीनदा उकळली, मी चहा एकदाही केला नाही. दुपारी फोन वाजला.

"ताई! बाबा हो म्हणाले!"

"काय म्हणाले? नेमकं काय?"

"म्हणाले, त्या कॉलेजात आपलं कोणी नाई, अन् ते बाई खोटं बोलते. पन तिनं हाक मारली तं रात्रपाळीची पोरगी उठून येते. तू जा." मग तिनं विचारलं, "ताई, तुम्ही काय खोटं बोललात?" मी तिला म्हटलं, ये, मग सांगते.

पुण्याच्या कानाला पाहू म्हणजे नाही. वऱ्हाडात त्याचा अर्थ खरोखरच पाहू असा असतो, हे मला तेव्हा कळलं. डायरेक्टरला बातमी सांगितली तर त्यानं विचारलं, "त्या गाई तू माझ्या सांगण्यावरून आणल्यास?" मी म्हटलं, "तूच म्हणालास ना, आय विल, या."  तेव्हापासून तो मला नाही म्हणायचं असलं की सरळ नाही म्हणतो, आणि त्याला ते फार जड जातं.

सप्टेंबरात ती आली. बसमधून उतरली तीच एक पांढरी नायलॉनची पिशवी छातीशी धरून. "बाबांनी सांगितलंय, आधी हे तुम्हाला द्यायचं, मग बाकीचं." पिशवीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं, पशुखाद्य. डब्लिनच्या कस्टमवाल्याला मराठी वाचता आलं नाही हे नशीब.

आत ज्वारीचे पापड, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. दुधाचा पदार्थ एकही नाही, बाहेरून दुधाचं आणायला इथे बंदी आहे, आणि जनावरांच्या डॉक्टरला नियम बरोबर ठाऊक. प्रत्येक पुड्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. 'तीनदा भेटलेल्यासाठी.' 'अ‍ॅनॅस्थे-अ‍ॅनालिटिक्ससाठी.' 'झोपलेल्या पोरीसाठी.' 'दोन खऱ्या इंजिनियरसाठी.' डायरेक्टरसाठीही एक होता, त्यावर नुसतं 'ग्रँड'. मी बसस्टॉपवरच हसत सुटले आणि मुलगी बावरून माझ्याकडे बघत राहिली.

तळाला माझा पुडा होता. त्यावर लिहिलं होतं, 'गुराखीणबाईंना.' आणि खाली, जरा बारीक अक्षरात, 'या वेळी पाठवलेलं वासरू उसनं नाही. घरचं आहे. सांभाळा.'